चार अक्षरं आणि घरातले शब्द : स्वभावाचे प्रकार वापरायला शिकताना

तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका दिवसभराच्या प्रशिक्षणात मायर्स-ब्रिग्ज नावाच्या स्वभावचाचणीतून मला चार अक्षरं मिळाली: आयएनटीजे. दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांनाच आपापली अक्षरं मिळाली होती आणि रास विचारावी तशी लोक ती एकमेकांना विचारत होते. रात्री आईला फोनवर सांगितलं की मी इन्ट्रोव्हर्ट निघाले. आई म्हणाली, "अगं, तू घुमी आहेस हे आम्ही तीस वर्षं सांगतोय. त्यासाठी ऑफिसने मांडव कशाला घातला?"

तरी पुढचे सात-आठ महिने मी ती अक्षरं मिरवलीच. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला न जायला सोयीचं कारण मिळालं. धाकट्या दिरांच्या ऐनवेळी धावपळ करण्याला नाव मिळालं, आणि नाव मिळाल्यामुळे त्यांच्यावर चिडणं आणखी सोपं झालं. या अक्षरांनी मला माझ्याबद्दल काही नवं शिकवलं असं मात्र झालं नाही. खाली जे लिहिलंय ते त्यानंतरचं आहे. थोडं वाचून आणि बरंचसं चुकून हाती लागलेलं. एक वही, पंधरा-वीस मिनिटांची एक चाचणी आणि तीनेक आठवडे, एवढ्या भांडवलावर कुणालाही सुरुवात करता येते.

आधी अक्षरांची कुळकथा

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये स्वभावप्रकारांवर ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी आज कॉलेजच्या कट्ट्यावरही ऐकू येते, तिचं मूळ तिथे आहे. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ती कल्पना उचलली, तीत आपली भर घातली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिची प्रश्नावली करायला घेतली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. हौस आणि चिकाटी मात्र अफाट. तुम्हाला तरतरी माणसांत येते की एकांतात, तुमचं लक्ष आधी तपशिलाकडे जातं की शक्यतांकडे, निर्णय घेताना तर्क वरचढ ठरतो की माणसं, आणि दिवस तुम्ही आखून जगता की जमेल तसा, असे चार प्रश्न. प्रत्येकाची दोन उत्तरं, प्रत्येक उत्तराला एक इंग्रजी अक्षर, म्हणून एकूण १६ प्रकार.

प्रश्न चांगले आहेत. माझी तक्रार उत्तरांच्या पद्धतीबद्दल आहे. समजा, सोसायटीतल्या सगळ्यांना भिंतीशी उभं केलं, पाच फूट पाच इंचांवर रेघ मारली आणि जाहीर केलं की रेघेच्या वरचे उंच आणि खालचे बुटके. बहुतेक माणसं त्या रेघेच्या आसपासच असणार. जाड तळव्याच्या चपला घातल्या की बुटका माणूस उंच. स्वभावाचंही तसंच आहे. बरेचजण मधल्या पट्ट्यात असतात, त्यामुळे तीच चाचणी महिन्याभराने पुन्हा दिली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलून येतं. माझंही आलं, शेवटचं, आखून जगण्याचं 'जे' टिकलं, तिसरं, तर्काचं 'टी' घसरलं.

अभ्यासकांना जास्त कामाची वाटते ती पद्धत वेगळी आहे, आणि तिची सुरुवात शब्दकोशातून झाली म्हणून ती मला फार आवडते. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट हे दोघे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेबस्टरचा जाडजूड इंग्रजी कोश घेऊन बसले आणि माणसांचं वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द त्यांनी वेचून काढले. त्यामागचा तर्क साधा होता. माणसांना एकमेकांबद्दल जे सांगावंसं वाटतं, त्याला भाषेत शब्द तयार होतातच. पुढच्या काही दशकांत वेगवेगळ्या संशोधकांनी हे शब्द चाळले, कोणते शब्द एकाच माणसाला लागू पडतात ते तपासलं, आणि शेवटी ढीग उरले पाच. त्याला आज 'बिग फाइव्ह' म्हणतात. यात प्रकार नाहीत, पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठेतरी उभा असतो.

पहिली पायरी : घरातले शब्द गोळा करा

चाचणीच्या आधी हे करा, कारण चाचणी दिल्यावर डोक्यात तिचेच शब्द घुमायला लागतात. शाळेपासून आजवर घरच्यांनी, बाईंनी, मैत्रिणींनी, साहेबांनी तुम्हाला जे जे म्हटलं ते लिहून काढा. वीस शब्द तरी व्हायला हवेत. दूषणं चालतील, खरं तर तीच जास्त उपयोगी. माझ्या यादीत घुमी, आखडू, शिस्तीची, फटकळ, काळजीखोर, विश्वासू, पुस्तकी किडा आणि 'हिला सगळं आधीच लागतं' एवढं पहिल्या पाच मिनिटांतच आलं.

आता वहीच्या पानावर पाच आडव्या रेघा मारा आणि शब्द त्यांवर मांडा.

पहिली रेघ बहिर्मुखतेची. तिच्या एका टोकाला गप्पिष्ट, बोलघेवडा, माणसांत रमणारा. दुसऱ्या टोकाला अबोल, घुमा, एकलकोंडा.

दुसरी काटेकोरपणाची. इकडे टापटिपीचा, वक्तशीर, चिवट. तिकडे वेंधळा, धांदरट, गबाळा, आजचं उद्यावर ढकलणारा.

तिसरी मिळतंजुळतं घेण्याची. मनमिळाऊ, कनवाळू, पडतं घेणारा एकीकडे. हेकट, तिरसट, तुसडा, फटकळ दुसरीकडे.

चौथी मनाच्या अस्वस्थतेची. काळजीखोर, हळवा, चिडका या बाजूला. निवांत, थंड डोक्याचा त्या बाजूला.

पाचवी नव्याच्या ओढीची. चौकस, कल्पक, हौशी एका टोकाला. धोपटमार्गी आणि 'आमच्याकडे असंच करतात' म्हणणारा दुसऱ्या.

मांडताना काही शब्द हटून बसतील. 'भिडस्त' कुठे घालायचा? नाही म्हणता येत नाही म्हणून तिसऱ्या रेघेवर, की चारचौघांत बोलायची धास्ती वाटते म्हणून चौथ्या? दोन्हीकडे लिहा. दुसरी गंमत अशी दिसेल की एकाच रेघेच्या एकाच टोकाला कौतुकाचा शब्दही असतो आणि टोमण्याचाही. माझी मामी मला टापटिपीची म्हणते. नवरा त्याच गोष्टीला 'तुझं सोवळं' म्हणतो. कपाट तेच, घड्याही त्याच. शब्द गोड असो की कडू, बाण एकाच ठिकाणी लागतोय का एवढंच बघायचं.

दुसरी पायरी : चाचणी द्या, पण दिवस बघून

बिग फाइव्हची फुकट आणि चांगली चाचणी हवी असेल तर 'आयपीआयपी' या नावाने शोधा. हा प्रश्नांचा खुला साठा आहे. कुणाची मालकी नाही, कुणीही वापरावा. त्यावर बेतलेली १२० प्रश्नांची चाचणी सुरुवातीला पुरेशी आहे. 'माझी लोकांशी चटकन मैत्री होते', 'मला सतत कशाची तरी काळजी असते' अशा धर्तीची विधानं असतात आणि ती तुम्हाला कितपत लागू पडतात ते पाच पर्यायांत सांगायचं असतं. विधानं इंग्रजीत आहेत. ज्यांना इंग्रजी वाचून जरा परकं वाटतं त्यांनी प्रत्येक वाक्य आधी आपल्या बोलीत म्हणून बघावं. बोलीत म्हटलं की थाप मारणं जड जातं, असा माझा अनुभव.

अप्रेझल झालं त्या संध्याकाळी, भांडणानंतर किंवा रात्री झोप येत असताना चाचणी देऊ नका. उत्तर देताना 'मी कसं असायला हवं' हे बाजूला ठेवा. हल्ली साधारण कसे आहात ते सांगा, आणि तुलना आपल्याच वयाच्या, ओळखीतल्या माणसांशी करा. विवाहमंडळाच्या फॉर्मवर आजवर कुणी स्वतःला 'तिरसट' लिहिलेलं नाही. तिथे सगळे मनमिळाऊ आणि सुस्वभावी. चाचणीत त्याच हाताने लिहिलंत तर हाती विवाहमंडळाचाच फॉर्म येईल.

निकालात पाच पट्ट्या कमी, मध्यम, जास्त अशा दिसतात. मध्यम आलेल्या पट्ट्या सध्या सोडून द्या. टोकाला गेलेल्या एक-दोन पट्ट्यांखाली रेघ मारा आणि पहिल्या पायरीतल्या मांडणीशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर प्रकरण जास्त रंगतदार आहे, चौथ्या पायरीवर त्याचा उपयोग होईल.

तिसरी पायरी : 'अगदी मीच' वाटलं की थांबा

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक स्वभावचाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं स्वभाववर्णन ठेवलं. ते किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातला बराचसा फुटपाथवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. 'तुम्ही वरून शांत दिसता पण आत काळजी करता' हे वाक्य कुणाला लागू पडत नाही?

म्हणून स्वभावप्रकाराचं वर्णन वाचताना एक उलटतपासणी करा. स्वतःच्या अक्षरांचं वर्णन वाचून झालं की अगदी विरुद्ध अक्षरांचंही तितक्याच प्रेमाने वाचा, आणि दोन्हींत खरी वाटलेली वाक्यं खोडून टाका. माझ्या चार परिच्छेदांतली पाच वाक्यं उरली. त्यातलं एक होतं, 'इतरांनी आपली योजना ऐनवेळी बदलली की यांना ती बेअदबी वाटते.' नवऱ्याला दाखवलं. तो हसला नाही, फक्त मान डोलावली.

चौथी पायरी : दोन माणसांना विचारा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच मिळतं. सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक छान गोष्ट दाखवली. मनातली धास्ती, चिंता, हुरहूर यांबद्दल आपला अंदाज इतरांपेक्षा बरा असतो, कारण आत काय चाललंय ते आपल्यालाच ठाऊक. पण जिथे चांगल्या-वाईटाचा प्रश्न येतो, म्हणजे आपण किती हुशार वगैरे, तिथे जवळच्या माणसांचा अंदाज आपल्यापेक्षा सरस ठरतो. कारण उघड आहे, तिथे आपलं मन आपल्याच बाजूने साक्ष देतं.

दोन माणसं निवडा. एक घरातलं, एक बाहेरचं. खुशमस्करा नको आणि ज्याच्याशी सध्या बिनसलंय तोही नको. 'माझा स्वभाव कसा आहे?' असं विचारू नका, त्याला 'छान आहे की' याशिवाय उत्तर मिळत नाही. मी विचारलेले दोन प्रश्न देते. 'मी कुठल्या वेळी सोबत असले तर तुला बरं वाटतं?' आणि 'मी कुठल्या वेळी नसले तर बरं, असं वाटतं?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि आल्यावर तर मुळीच नाही. स्पष्टीकरण दिलंत की पुढच्या वेळी खरं उत्तर मिळणार नाही.

मी आईला विचारलं तेव्हा ती वाटाणे सोलत होती. माझी स्वतःबद्दल पक्की समजूत होती की मी बोलत कमी असले तरी ऐकते फार चांगलं. मिळतंजुळतं घेण्याच्या पट्टीवर मी स्वतःला बरेच गुण दिले होते. आई चार शेंगा सोलेपर्यंत गप्प राहिली आणि म्हणाली, "तू ऐकतेस गं, पण तुझा चेहरा ऐकत नाही. मी मावशीचं दुखणं सांगत असते आणि तू पुढचा डॉक्टर शोधत असतेस. मला वाटतं, पटकन संपवावं एकदाचं." वाटाणे संपले, ती उठून गेली. मी तिथेच बसून होते. हे कुठल्याही चाचणीने सांगितलं नसतं.

ऑफिसातल्या मैत्रिणीने नेमकं उलट सांगितलं. तिचं काम अडलं की तिला मीच हवी असते, कारण मी ताबडतोब पुढचा डॉक्टर शोधते. एकच सवय, ऑफिसात पुण्य आणि आईकडे पाप. इथे मला पहिल्यांदा वाटलं की स्वभावाबद्दल बोलताना जागा आणि माणूस सोडून बोलणं फुकट आहे.

पाचवी पायरी : पंधरा दिवसांची नोंदवही

विल्यम फ्लीसन या संशोधकांनी लोकांना दिवसातून अनेक वेळा नोंदी करायला लावल्या की गेल्या थोड्या वेळात तुम्ही किती बोलके, किती नीटनेटके, किती चिडके होतात. दिसलं असं की एकच माणूस आठवड्याभरात अबोल टोकापासून गप्पिष्ट टोकापर्यंत फिरून येतो. त्याची सरासरी मात्र बऱ्यापैकी जागेवर राहते. म्हणजे स्वभाव ही एका ठिकाणी ठोकलेली खुंटी नव्हे; तो गुराला बांधलेला दोर आहे. गूर चरायला फिरतं, पण त्याचा एक ठरलेला घेर असतो.

आपण एवढं शास्त्रीय करायची गरज नाही. टोकाची जी एक पट्टी तुम्ही निवडली आहे, तेवढ्याच पट्टीवर रोज रात्री दोन ओळी लिहा. आज या बाबतीत मी सर्वात जास्त 'तशी' कधी होते, आणि सर्वात कमी कधी? सोबत कोण होतं, जागा कुठली, पोट भरलेलं होतं का. शेवटचं चेष्टेत घेऊ नका. माझ्या तिरसटपणाच्या निम्म्या नोंदी संध्याकाळी सात ते साडेसातमधल्या आहेत, घरी पोचल्यापासून चहा मिळेपर्यंतच्या.

मी अबोलपणाची पट्टी घेतली होती. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. डोंबिवलीहून निघणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये आमचा लेडीज डब्यातला ठरलेला घोळका आहे, आणि तिथे सगळ्यात जास्त बडबड मी करते. मग मी घुमी कशी? दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या मित्राकडे वास्तुशांतीला गेले होते. पहिला तासभर कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून उभी. मग त्यांच्या आईंनी पंगतीत वाढायला हाताशी घेतलं आणि पुढचा दीड तास मी अनोळखी माणसांना 'जिलबी घ्या हो अजून एक' म्हणत फिरले. दमले नाही, उलट मजा आली.

सहावी पायरी : अक्षरं खोडा, 'जर–तर' लिहा

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये मोठी खळबळ उडवली होती. स्वभावगुणांवरून माणूस एखाद्या प्रसंगी कसा वागेल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. पुढे त्यांनी आणि युइची शोडा यांनी १९९५ मध्ये त्याला जोड दिली: माणसाची ओळख त्याच्या 'जर–तर'मध्ये असते. दोन मुलं सारखीच तापट असतील, पण एक चिडवलं की भडकतो आणि दुसरा मोठ्यांनी दटावलं की.

नोंदवहीतून अशी दोन-तीन वाक्यं काढा. माझं पहिलं वाक्य असं झालं: 'अनोळखी घोळक्यात हाताला काम नसेल तर मी मुकी होते, काम असेल तर बोलते.' 'मी इन्ट्रोव्हर्ट आहे' या वाक्याचं पुढे करायचं काय, हे आठ महिन्यांत मला उमगलं नव्हतं. या वाक्याचं काय करायचं ते लगेच कळलं. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला मी शेजारच्या काकूंना आदल्या दिवशीच सांगितलं, "वाण वाटायचं मी बघते." दोन तास उभी होते. रथसप्तमीच्या आत आणखी तीन घरी गेले, तिन्हीकडे आधी काम मागून घेतलं.

चांगल्या जर–तर वाक्यात प्रसंग इतका नेमका असतो की डोळ्यांसमोर उभा राहतो. 'ताण आला तर मी चिडते' हे वाक्य नापास. ते सगळ्यांचंच आहे. 'ठरलेली वेळ उलटून गेली आणि समोरच्याने फोन केला नाही, तर मी दारातच चिडते. फोन केला तर अर्धा तास उशीरही चालतो' हे पास. कारण यात काय बदलायचं ते दिसतं: फोन.

जिथे हे वापरू नये

नोकरीला माणूस घ्यायचा की नाही हे अशा अक्षरांवरून ठरवू नका. मायर्स-ब्रिग्ज चाचणी विकणारी कंपनीसुद्धा निवडीसाठी ती वापरू नये असंच सांगते, तरी लोक वापरतात. स्थळ बघतानाही नको. पत्रिका होती तेवढी पुरे. लहान मुलांना तर कुठलंही लेबल चिकटवू नका. मोठ्यांच्याही पट्ट्या वयानुसार सरकतात, साधारणपणे माणसं वाढत्या वयात जास्त काटेकोर आणि जास्त समजूतदार होत जातात. आठ वर्षांच्या मुलीला 'ही ना, आमची लाजाळू' असं पाहुण्यांसमोर शंभरदा म्हटलं की ती बिचारी ते खरं करून दाखवते.

आणि चौथ्या रेघेबद्दल एक. काळजीखोर स्वभाव वेगळा, आणि आठवडेच्या आठवडे झोप उडणं, कशातच मन न लागणं, जगणं नकोसं वाटणं वेगळं. दुसऱ्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे जावं, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. मराठीतून बोलता येतं.

सातवी पायरी : आता इतरांकडे वळा

स्वतःचं जर–तर लिहिण्याआधी दुसऱ्याच्या स्वभावाचं निदान करायला बसू नये, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे. आपण आपल्या चुकीला परिस्थिती दाखवतो आणि दुसऱ्याच्या चुकीला त्याचा स्वभाव. मला उशीर झाला तर लोकल बंद पडली होती, भाऊजींना उशीर झाला तर ते आहेतच तसे. दुसऱ्याची परिस्थिती विसरून फक्त त्याचा स्वभाव बघण्याच्या चुकीला मानसशास्त्रात नावही आहे, ली रॉस यांनी १९७७ मध्ये दिलेलं: 'फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर'.

आपल्याकडे तर माणसाच्या जागेचा जोर भारी. नवी सून जेवणाच्या टेबलावर गप्प असते, ते तिचं अंतर्मुख असणं नसतं. अजून त्या घरात विनोद केला तर हसतील की भुवया उंचावतील हे तिला माहीत नसतं. मीटिंगमध्ये सगळ्यात धाकटा मुलगा बोलत नाही, कारण साहेब बोलत असतात. तोच मुलगा कॅन्टीनमध्ये साहेबांची हुबेहूब नक्कल करतो. तेव्हा कुणाबद्दल 'त्याचा स्वभावच तसा' म्हणण्याआधी त्याला दोन वेगळ्या ठिकाणी बघितलंय का, हे विचारा. निदान दोन ठिकाणी.

त्यानंतर त्या माणसाशी बोलून त्याचंही एक जर–तर मिळवा. त्याच्या तोंडून, आपल्या अंदाजाने नव्हे. आमच्या घरी हे गणपतीच्या निमित्ताने झालं. सासर रत्नागिरीकडचं, दरवर्षी सगळे जातो. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि त्या सकाळी आठला मी दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन बसलेली असते. दोन वर्षांपूर्वी तारखा विचारायला भाऊजींना चार वेळा फोन केला. चारही वेळा उत्तर एकच, "बघू या ना वहिनी, नाहीतर एसटी आहेच." शेवटी मी त्यांना सोडून बाकीच्यांची तिकिटं काढली आणि रागाने सासूबाईंनाही तसं सांगितलं.

त्या वर्षी आमची गाडी चार तास उशिरा पोचली. रात्रीचे अकरा, पाऊस, ठरवलेला गाडीवाला निघून गेलेला, सोबत सामानाचे अकरा डाग आणि पेंगुळलेली दोन पोरं. माझी सगळी यादी व्यर्थ, आणि यादी संपली की माझं डोकं बंद पडतं. भाऊजी आदल्या दिवशीच एसटीने पोचले होते. फोन केला तेव्हा म्हणाले, "वहिनी, तिथेच थांबा, हलू नका." पाऊण तासात ते एक टेम्पो घेऊन आले. तो नारळवाल्याचा होता. त्या माणसाशी त्यांची ओळख कधीची, तर त्याच दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर झालेली.

दुसऱ्या दिवशी मोदकांचं सारण ढवळताना मी त्यांना सरळ विचारलं, की तारीख विचारली की तुम्ही टाळता का. ते जरा थांबले आणि म्हणाले, "वहिनी, दोन महिने आधी हो म्हटलं आणि मग नाही जमलं, तर दादा वर्षभर ऐकवतो. म्हणून मी हो म्हणतच नाही." म्हणजे मी ज्याला काटेकोरपणाचा अभाव समजत होते, त्यात निम्मी तर मोठ्या भावाची धास्ती होती. त्यांचं जर–तर त्यांनीच सांगितलं. मी माझं सांगितलं: "तारीख कळली नाही तर मला रात्री झोप लागत नाही, खोटं नाही सांगत." ते हसले, "एवढं? मग तुम्ही माझं तिकीट काढून टाका. नाही जमलं तर रद्दचे पैसे माझे, पण दादाला बोलू द्यायचं नाही." नवऱ्याला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, मी कुठे काय बोलतो. सासूबाईंनी खोलीच्या दारातून त्याच्याकडे नुसतं बघितलं.

गेल्या वर्षीपासून फ्रिजवर एक कागद लागतो, मधोमध रेघ मारलेला. माझ्या बाजूला आरक्षण, सामानाची यादी, औषधं, गुरुजींची वेळ, गाडीवाल्याचा आदल्या दिवशीचा फोन. भाऊजींच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात एकच ओळ: 'जे बिघडेल ते.'